शाळेच्या परसबागेसाठी घरची रोपं : नोंदी

२६ ऑक्टोबर

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला भाऊजींच्या मळ्याजवळ जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या मॅडमनी पोषण आहारासाठी परसबाग करायचं मनावर घेतलंय. जागा, कुंपण आणि पाणी शाळा बघणार, रोपं मी देणार. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि एक वाफाभर उन्हाळ कांदा. लावणी १५ डिसेंबरला धरली आहे. म्हणजे फेब्रुवारीपासून उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत मुलांच्या ताटात शाळेतलीच भाजी पडेल.

आपल्याकडे रोपांना तोटा नाही. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगाव, कुठेही जा, शेडनेटच्या रोपवाटिका आहेत आणि टोमॅटोवाले त्यांच्याकडे हजारांनी रोपं बुक करतात. पण मॅडमना मुलांना बियापासून सगळं दाखवायचंय, शिवाय पुढच्या वर्षी मुलांनी स्वतः धरलेलं बी पेरावं अशी त्यांची इच्छा आहे. त्यासाठी सरळ वाण हवेत. संकरित टोमॅटोचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं सरमिसळ निघतात.

लावणीची तारीख पक्की झाली की उलटं मोजत यायचं. ट्रेमधला टोमॅटो २१ ते २५ दिवसांत लावणीला येतो, थंडीत महिन्याच्या आसपास जातो. कोबीला २५ ते ३० दिवस, वांग्याला ३० ते ३५, मिरचीला ३५ ते ४०, कांद्याला सहा-सात आठवडे. सगळं बी एकाच मुहूर्तावर पेरलं तर मिरची तयार होईस्तोवर टोमॅटो निबर होऊन बसतो आणि लावल्यावर पंधरा-पंधरा दिवस जागचा हलत नाही.

त्यामुळे पहिला नंबर झेंडूचा, आणि तो आजच पेरला. टोमॅटोत सापळा म्हणून झेंडू लावायचा तर शिफारस अशी आहे की झेंडूचं रोप ४० ते ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं असावं. तरच टोमॅटोला फुलं येताना झेंडूही फुललेला असतो आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. तोरणातली फुलं कोवळीच तोडलेली असतात, त्यांचं बी बहुतेक पोचट. म्हणून भाऊजींच्या बांधावर झाडावरच वाळलेली उंच जातीची बोंडं आणली. बी काळं आणि बोटाला कडक लागलं तेवढंच घेतलं.

३ नोव्हेंबर

आजचा दिवस मिश्रणात गेला.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सालीच्या भुश्याची, ५ किलोची वीट आणली. भिजून फुगली की ६५-७० लिटर होते, ती शाळेच्या वाफ्यांनाही पुरेल. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरायचं नाही. नारळाच्या सालीत सोडियम आणि पोटॅशचे क्षार असतात, ते कोवळ्या मुळांना भाजतात. पाण्याचा तांबूस रंग गेला की क्षारही गेले असं समजतात, पण रंगाचा आणि क्षाराचा संबंध नाही. फिल्टर दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसला पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आमच्याकडे आहे. तो निथळलेल्या पाण्यात बुडवून पाहिला. पहिल्या पाण्याचा आकडा आमच्या बोअरच्या पाण्याच्याही वर होता. धूत गेले आणि आकडा नळाच्या पाण्याजवळ आला तेव्हा थांबले. शेवटच्या धुण्याआधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, त्याने सालीला धरून बसलेलं सोडियम सुटतं.

मग दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत. गांडूळखतात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा आधीच मिसळून, ओल राखून सावलीत ठेवलं होतं. ही उपयोगी बुरशी आहे, मर रोगाच्या बुरशीला ती वाढू देत नाही. गोवर्धनला मुक्त विद्यापीठाच्या आवारात कृषी विज्ञान केंद्र आहे, ज्यांना यातलं विचारायचंय त्यांनी तिथे जरूर जावं.

गच्चीतल्या कुंड्यांची जुनी माती यात मुद्दाम घेतली नाही. आईंचं माहेर त्र्यंबकच्या बाजूचं. तिकडे भात-नागलीचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात. त्या म्हणाल्या, "रोपाची जागा भाजूनच घ्यायची, तण पण जातं आन् रोग पण." गच्चीवर भाजणं शक्य नाही, म्हणून माध्यमच स्वच्छ घ्यायचं.

५ नोव्हेंबर

मिरची, वांगी आणि कांदा पेरला.

वाण : मिरची पुसा ज्वाला, वांगी मांजरी गोटा, कांदा एन-२-४-१. हा कांदा आपल्या पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आलेला, त्यामुळे शाळेला जिल्ह्याचाच वाण मिळाला याचं मला फार समाधान आहे.

मार्केट यार्डाजवळच्या दुकानात आधी गुलाबी रंगाचं बी पुढे आलं. तो रंग बुरशीनाशकाचा असतो. शेतासाठी ते योग्यच, पण हे बी शाळेत मुलांच्या हातात जाणार आहे, म्हणून बिनरंगी मागून घेतलं आणि घरी ट्रायकोडर्मा चोळला. पळीभर गुळाच्या पाण्यात ओलसर करून, भुकटी फिरवून, सावलीत सुकवलं.

९८ कप्प्यांचा प्रोट्रे कात्रीने मधोमध कापला. वांगं आणि मिरची एका दिवशी उगवत नाहीत, आणि उगवलेल्याला लगेच उजेड हवा, न उगवलेल्याला ऊब. दोघांना एका ट्रेत ठेवलं की एकाचं नुकसान ठरलेलं.

कप्प्यात मिश्रण भरताना दाबायचं नाही, ट्रे जमिनीवर हलकेच आपटला की बसतं. बोटाने अर्धा सेंटिमीटर खळगा, एक बी, वर चिमूटभर मिश्रण. पाणी दिल्यावर दोन्ही अर्धे ट्रे काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवले. तिथे थर्मामीटर २६-२७ अंश दाखवतो. मिरचीला उगवायला २५ ते ३० अंश लागतात. बाहेर पहाटे १४-१५ वर आलंय, तिथे ती नुसती पडून राहिली असती.

कांद्याला एवढे लाड नकोत. टोमॅटोच्या जुन्या क्रेटमध्ये शेडनेटचा तुकडा अंथरून मिश्रण भरलं, बोटभर अंतरावर रेघा ओढून बी टाकलं. सगळ्या निफाड-येवल्याकडे सध्या उळे, म्हणजे कांद्याचं बी, टाकायची घाई चाललीय, त्यात आमचा एक क्रेट.

८ नोव्हेंबर

सकाळ-संध्याकाळ प्लॅस्टिक उघडून बघते. पाणी दिलेलं नाही. आतल्या बाजूला थेंब जमलेत, तेवढी ओल पुरे.

१२ नोव्हेंबर

वांगी उगवली, आणि रोपाच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस मला विचाराल तर हाच.

सकाळी प्लॅस्टिक उचललं तेव्हा दहा-बारा कप्प्यांत पांढुरका वळसा वर आला होता. डोकं अजून मिश्रणात आणि मान वाकवून वर काढलेली. भिंगातून पाहिलं तर मानेवर फिकट जांभळी झाक आणि वरच्या बाजूला कोकोपीटचा एक तंतू अडकलेला. हा वळसा दिसला की त्याच तासाला ट्रे उजेडात न्यायचा. बाकीच्यांचं उगवणं राहिलंय म्हणून थांबायचं नाही, ती मागाहून येतात. अंधारात रोप उजेड शोधत मान लांबवतं, आणि एकदा लांबलेली मान पुन्हा आखूड होत नाही. पुढे कितीही खत घातलं तरी ती बारीकच राहते. घरच्या रोपांचं पहिलं नुकसान याच एका दिवसात होतं, आणि ते डोळ्यांना सुखावणारं असतं, कारण रोप भराभर उंच होताना दिसतं.

आमची गॅलरी दक्षिणेला आहे. नाशिक २० अंश अक्षांशावर, त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांच्या वर चढत नाही. ऊन तिरपं होऊन गॅलरीत आतपर्यंत येतं. हीच गॅलरी मे महिन्यात कामाची नाही, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि स्लॅबची सावली पडते. हिवाळ्यातली रोपं दक्षिणेच्या गॅलरीत, उन्हाळ्यातली गच्चीवर शेडनेटखाली, असं आमचं ठरलेलं आहे.

ट्रे विटांवर ठेवलाय, खालून हवा खेळली पाहिजे. मूळ भोकातून बाहेर डोकावलं की हवेने त्याचं टोक सुकतं आणि वर नवे फाटे फुटतात. ट्रे फरशीवर टेकवला तर मूळ फरशीवरून धावत सुटतं आणि उपटताना तुटतं.

१४ नोव्हेंबर

मिरचीला सुरुवात झाली. काही रोपांच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलंय. नखाने काढायला गेलं तर पानासकट तुटतं. पाण्याचा एक थेंब ठेवला, तासाभराने टरफल मऊ झालं आणि रोपाने स्वतःच टाकून दिलं.

कांदाही वर आला. सुईला दुमडल्यासारख्या हिरव्या काड्या.

१५ नोव्हेंबर

टोमॅटो आणि कोबी पेरला. टोमॅटो अर्का विकास, कोबी गोल्डन एकर.

कोबीच्या बियाला गरम पाण्याची प्रक्रिया केली. घाण्या रोगाचे जिवाणू बियाबरोबर येतात. पानाच्या कडेपासून इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग आत सरकतो आणि शिरा काळ्या पडतात, तो हा रोग. उपाय स्वस्त आहे : ५० अंशांच्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं बी ठेवायचं. तापमान मात्र काटेकोर हवं, ५५ झालं तर बी मरतं आणि ४५ राहिलं तर जिवाणू वाचतात. चहाच्या थर्मासमध्ये पाणी भरून थर्मामीटरने ५० वर आणलं, मलमलच्या पुरचुंडीत बी सोडलं, वेळ झाल्यावर लगेच गार पाण्यात. सुकवून त्याच दिवशी पेरलं. रंगवलेल्या बियाला हे करायचं नाही, औषध धुऊन जातं.

कोबीला उबेची गरज नाही. ट्रे गॅलरीतच, वर ओलं पोतं. टोमॅटो फ्रिजमागे.

१८ नोव्हेंबर

कोबी रात्रीत वर आला. संध्याकाळी पोत्याखाली काही नव्हतं, सकाळी ट्रेभर हिरवं. पोतं लगेच काढलं.

मुलांना फरक दाखवता यावा म्हणून कोबीच्या ट्रेची एक पट्टी कापून दिवाणखान्यात पडदा लावलेल्या खिडकीशी ठेवली आहे. आपल्या डोळ्यांना तिथे चांगला उजेड वाटतो.

२० नोव्हेंबर

दिवाणखान्यातल्या पट्टीतली रोपं बोटाच्या दोन पेरांएवढी होऊन खिडकीकडे झुकली आहेत. गॅलरीतली त्यांच्या निम्मीही नाहीत, पण ताठ आहेत आणि पानं गडद. दोन्हींचं बी, माती, पाणी तेच. फोटो काढून मॅडमना पाठवले.

टोमॅटो उगवला, बाहेर काढला.

२१ नोव्हेंबर

भाऊजी बाजाराला आले होते, गॅलरीत डोकावले. माझ्या हातात झारी होती. ते म्हणाले, "वहिनी, वरून बघून पाणी देऊ नका. ट्रे उचला. जड लागला तर झारी ठेवून द्या."

रोपवाटिकेत काम केलेली माणसं असंच करतात. कोकोपीट वरून लवकर फिकट दिसतं, खाली ओल असते. ट्रेचा एक कोपरा उचलून वजन ओळखायला हाताला दोन-तीन दिवसांत सवय होते. सकाळी ऊन आल्यावर पाणी द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत. रात्री ओलं राहिलेलं रोप म्हणजे बुरशीला आमंत्रण. आईही म्हणतात की रोपाला जरा तहान लागू द्यावी, मग मूळ खाली जातं. ओलाव्याने भरलेल्या कप्प्यात हवाच उरत नाही, आणि मुळाला पाण्याइतकीच हवा लागते.

पाणी नळाचं, म्हणजे गंगापूर धरणाचं. बोअरचं देत नाही. त्यातल्या क्षारांचा कप्प्यांच्या कडेला पांढरा थर बसतो.

२४ नोव्हेंबर

दोन दिवस आभाळ भरलेलं, पहाटे धुकं. द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा आलाय, डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवर रोज फवारण्या चालल्या आहेत. आमच्याकडे टोमॅटोच्या ट्रेच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मर दिसली.

मर ओळखायची खूण सांगते. रोप सुकत नाही, आडवं पडतं. पानं हिरवी आणि टवटवीत, पण मिश्रणाला टेकतो तिथे देठ दोऱ्याइतका बारीक, पाणी उतरल्यासारखा, तपकिरी. चिमटीत धरलं की मऊ लागतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी मातीत आणि पाण्यात सगळीकडे असतात, त्यांना ओल, गारवा आणि कोंडलेली हवा मिळाली की त्या उठतात. भिंतीकडच्या कोपऱ्याला वारा लागत नव्हता आणि ढगांमुळे ओल सुकत नव्हती.

मेलेली रोपं कप्प्यातल्या मिश्रणासकट चमच्याने काढून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये नाही. त्यांच्या आजूबाजूची एक रांगही काढली, कारण रोग दिसायच्या आधी तो शेजारी पोचलेला असतो. ट्रे भिंतीपासून हातभर पुढे घेतला, पाणी बंद केलं, दुपारी टेबल फॅन मंद लावला. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा ट्रायकोडर्माचं पाणी मुळाशी दिलं. प्रोट्रेचा इथे मोठा फायदा. गादीवाफ्यावर मर चकतीचकतीने पसरत जाते, ट्रेमध्ये प्रत्येक रोपाचं मिश्रण वेगळं असल्यामुळे वेळेत पकडली तर थांबते.

२७ नोव्हेंबर

आभाळ मोकळं झालं. मर पुढे गेली नाही.

टोमॅटोला पहिलं खरं पान आलंय, मिरची-वांग्याला दोन-तीन. बियातली शिदोरी संपली, आता खत. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पाण्याऐवजी. यापेक्षा तेज दिलं तर रोप पोसल्यासारखं दिसतं, पण देठ लुसलुशीत राहतो आणि मावा-तुडतुड्यांना तेच हवं असतं.

आज जाळीही बसवली. इथे लोक मच्छरदाणी वापरतात, पण पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची, मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत जाते. कृषी दुकानात ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी मिळते ती घ्यावी. टोमॅटोचा पर्णगुच्छ म्हणजे लीफ कर्लचा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोप लहान असताना लागण झाली तर झाड खुजं राहतं, फळ धरतच नाही आणि त्यावर औषध नाही. मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आक्रसण्याचा रोग, फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही होतो. म्हणून रोपाच्या वयात जाळी हाच खरा बंदोबस्त, आत एक पिवळा चिकट सापळा टांगून ठेवायचा. त्यावर काय चिकटतंय ते रोज बघितलं की कोण आलंय ते कळतं.

४ डिसेंबर

कडाका वाढला. गॅलरीत पहाटे १० अंश, निफाडकडे याहून गार.

टोमॅटोची पानं खालून जांभळी झाली आहेत. हे स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण खरं, पण मिश्रणात स्फुरद भरपूर आहे. मूळ गारठलं की त्याला तो उचलता येत नाही. यावर आणखी खत ओतणं व्यर्थ, क्षार तेवढे साचतात. दोन गोष्टी केल्या. टाकीचं पाणी पहाटे बर्फासारखं येतं, म्हणून बादली उन्हात ठेवून कोमट झाल्यावर दहा वाजता पाणी. आणि रात्री ट्रेच्या चौकटीवर जुनी साडी दुपदरी, पण सूर्य आला की लगेच काढायची. रोपं घरात घेतली नाहीत. रात्रीच्या उबेत आणि अंधारात ती पुन्हा लांबतात.

रोज जाळी उघडून कोरड्या रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच पुढे-मागे फिरवते. वाऱ्याने हललेल्या रोपाचा देठ आखूड आणि जाड होतो हे टोमॅटोवर प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि हाताने हलवूनही तोच परिणाम मिळतो. गॅलरीत वारा कमी, म्हणून हात. ओल्या पानांना मात्र शिवायचं नाही, रोग हातानेच पसरतो.

८ डिसेंबर

काटक करायला सुरुवात. शाळेचं आवार उघडं, डोंगराकडून वारा येतो, तिथे गॅलरीतलं रोप थेट नेलं तर पहिल्याच दुपारी माना टाकेल. आजपासून ट्रे गच्चीवर. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज दोन तास वाढवत शेवटी दिवसभर. खत बंद. पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी नाही. वाढ थांबल्यासारखी वाटते, पण पान जाड होतं आणि देठावर जांभळट कडकपणा येतो.

जाळी गच्चीवरही आहेच. कोबीवर चौकोनी ठिपक्याचा पतंग अंडी घालतो आणि त्याची अळी कोवळा शेंडा खाते. शेंडा गेला की त्या रोपाला गड्डा धरत नाही.

१४ डिसेंबर

रोपं निवडली. ट्रेला एक दिवस आधी पाणी तोडून आज सकाळी पोटभर दिलं. खालून भोकात पेन्सिलचं मागचं टोक दाबलं की रोप अख्खं वर येतं.

टोमॅटोचं एक रोप हातात घेऊन नीट पाहिलं. उंची वीतभराहून कमी, पाच पानं. देठ पेन्सिलीच्या शिशाच्या दुप्पट जाड आणि वरपासून खालपर्यंत सारखा. मुळांचा गठ्ठा कप्प्याच्या आकाराचा निघाला, कोकोपीट सांडलं नाही. मुळं पांढरी, टोकाला बारीक लव. गोल गोल फिरलेलं एकही मूळ नाही. मला असंच रोप हवं होतं. बाजारात माणसं उंच रोपाकडे हात घालतात, त्यांना मी कळकळीने सांगेन की ट्रे उलटा करून आधी मूळ बघा. तपकिरी मूळ, वळसे घेतलेलं मूळ, फुलं आलेलं रोप, हे फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मिरची अजून थोडी लहान वाटते. थंडीत ती अशीच रेंगाळते. बहुतेक रोपं उद्या जातील, बारकी पंधरवडाभर ठेवीन, नांग्या म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा भरायला लागतीलच.

१५ डिसेंबर

शाळेत लावणी झाली. उन्हं कलल्यावर, चारनंतर सुरू केली. मुलांनी वाफे आदल्या दिवशी भिजवून ठेवले होते.

गटागटाने मुलं आली. मी एकदाच दाखवलं : देठाला धरायचं नाही, गठ्ठ्याला धरायचं. टोमॅटोचं रोप खालच्या पानापर्यंत खोल लावायचं, कारण मातीत गेलेल्या देठाला नवी मुळं फुटतात. कोबी, वांगी आणि मिरची ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. कोबीचा शेंडा मातीखाली गेला तर गड्डाच नाही. दिवाणखान्यातल्या पट्टीतली लांबलेली कोबीची रोपं मुद्दाम वेगळ्या रांगेत, पाटी लावून लावली. एक मुलगी म्हणाली, "मावशी, ही तर आत्ताच झोपली." तिने काठीचा आधार दिला आणि ती रांग आता तिच्याकडे आहे.

मदतीला आलेल्या काकांना आधी साबणाने हात धुवायला लावले. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटो-मिरचीचं रोप हाताळलं तर तंबाखूवरचा मोझॅक विषाणू रोपाला लागू शकतो. काकांनी ऐकून घेतलं आणि मुलांसमोर पुडी बाहेर ठेवून आले, याचं मला विशेष वाटलं.

टोमॅटोच्या चारी कडांना झेंडू लागला. त्याला कळ्या आल्या आहेत. कोबीभोवती मुलांनी मोहरी फोकली, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला कोबीपेक्षा मोहरी जास्त आवडते.

१९ डिसेंबर

मॅडमचा फोन. टोमॅटो आणि कोबीची एकही मान पडलेली नाही. वांग्याची काही रोपं रात्री कुरतडणाऱ्या अळीने जमिनीलगत कापली. सांगितलं की कापलेल्या रोपाशेजारची माती बोटभर उकरा, काळपट अळी वेटोळं करून बसलेली सापडेल. दुपारी परत फोन आला, सापडल्या. उरलेल्या रोपांभोवती जाड कागदाची कडी मातीत दोन बोटं रुतवून बसवायला मुलं लागली आहेत.

२६ डिसेंबर

कांदा काढला. पात वीतभर, मानेशी पेन्सिलीएवढी जाड नाही पण त्याच्या जवळ. याहून जाड रोप लावलं तर डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, जास्त निघतात, म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता. क्रेट भिजवून रोपं हलकेच सोडवली, शेंड्याकडची तिसरा हिस्सा पात कापली, मुळं ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवून शाळेत नेली. १० सेंटिमीटरवर ओळीत लावली. पातीची छाटलेली टोकं पोषण आहाराच्या ताईंनी लगेच पिठल्यात घातली.

राहिलेली मिरची नांग्यांवर लागली. वांग्याच्या नांग्या भरायला रोपं पुरली नाहीत, तिथे मॅडमनी मेथी फोकली.

ट्रे ब्रशने घासून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवले, उन्हात वाळवून उलटे रचले. मॅडमना आता कुंपणावर दोडका आणि दुधी चढवायचाय. वेलवर्गाच्या मुळाला हात लागलेला चालत नाही, ट्रेमध्ये ती १२ ते १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत आणि १५ अंशांखालच्या रात्री त्यांना सोसत नाहीत. जानेवारीच्या शेवटी थंडी उतरली की वर्तमानपत्राच्या पुड्यांत पेरायचं, पुडीसकट लावायचं. बी भाऊजींकडून येणार आहे.